धूर आणि धुराचे चित्र

मुलांना शिकविण्यासाठी पडद्यावर जे आभासी परिसर उभारले जातात, त्यांचे कौतुक आपण बहुधा एकाच निकषावर करतो : हे किती खऱ्यासारखे दिसते! हा निकष मला अपुरा, किंबहुना फसवा वाटतो.

चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) या अमेरिकन तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन प्रकार मानले. साम्यामुळे अर्थ देते ती प्रतिमा, प्रत्यक्ष संबंधामुळे अर्थ देते ती खूण आणि रूढीमुळे अर्थ देतो तो संकेत. आपल्या नैयायिकांनी डोंगरावरील धुरावरून अग्नीचे अनुमान केले, ते खुणेच्याच बळावर. तिला त्यांनी ‘लिंग’ म्हटले.

हे तिन्ही प्रकार कल्याणपुढच्या रेल्वेमार्गावर ओळीने भेटतात. उल्हासनगरात ‘कॅम्प नंबर चार’ असा पत्ता आजही सांगतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जिथे राहिले त्या लष्करी छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. छावणी गेली, संकेत उरला. अंबरनाथला इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवालयाचे छायाचित्र ही प्रतिमा. पण देवळाजवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्याला येणारा रसायनांचा दर्प ही खूण. आणि बदलापुरात २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी ओसरल्यावर भिंतींवर राहिलेली चिखलाची रेघ, तीही खूणच. उल्हास नदी कुठवर चढली होती, हे ती रेघ कोणी न सांगता सांगत होती.

आता समजा, या परिसराची आभासी प्रतिकृती केली. देवळाच्या मूर्तीला बोट लावले की माहितीची पाटी उघडते, नदी सुंदर निळी वाहते. मूल काय शिकले? बोट कुठे लावायचे, एवढा पडद्याचा संकेत. उलट, वरच्या अंगाला कारखान्याचे सांडपाणी सोडले तरच खालचे पाणी काळवंडेल, ते अडवले तर हळूहळू निवळेल, अशी रचना केली, तर मूल विचारील : हे कशावरून? माझ्या मते हा ‘कशावरून’ म्हणजेच शिक्षण. चित्र ओबडधोबड असले तरी चालेल, कार्यकारणाचा धागा तुटता कामा नये.

सी-डॅक, मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांच्या ‘ओलॅब्स’मधील लंबकाचा प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. तिथला गोळा हुबेहूब आहे की नाही, हे गौण. दोरीची लांबी चौपट केली की आंदोलनाचा काळ दुप्पट होतो, हे मुलाला स्वतः करून पाहता येते.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. पडद्यावरचा धूर अग्नीतून निघत नाही. कोणीतरी घातलेल्या नियमातून निघतो. तिथली प्रत्येक खूण मुळात रचनाकाराची आज्ञा असते. नियम चुकला, तर मूल चुकीचा निसर्ग बिनचूक शिकेल. म्हणून रचनाकाराने आपला नियम झाकून ठेवू नये. तो मुलाला पाहू द्यावा, बदलू द्यावा, मोडूही द्यावा. आणि शिक्षकाने पडदा मिटल्यावर वर्ग वालधुनीच्या काठी न्यावा. २०१४ साली तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरली. ज्या नदीची खूण वाचता न येणे माणसांच्या जिवावर बेतू शकते, तिची निळी प्रतिमा दाखवून पिढी शहाणी होणार नाही.