शब्द मराठी, वाक्य इंग्रजी : अभियांत्रिकीच्या टिपणांतील वाक्यरचना

इंग्रजीचा मराठीवरील परिणाम म्हटले की आपण शब्द मोजू लागतो. 'सर्किट' लिहावे की 'परिपथ', यावर वाद घालतो. शब्दांसाठी परिभाषा कोश आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने असे अनेक कोश तयार केले. वाक्यासाठी मात्र असा कोश नाही. त्यामुळे प्रत्येक शब्द मराठी असूनही वाक्य इंग्रजी राहते आणि ते लक्षातही येत नाही.

रोजच्या बोलण्यापासून सुरुवात करू. इंग्रजीत 'हॅव' या एका क्रियापदात नाते, वस्तू, अवयव सारे मावते. मराठी ते वेगवेगळे ठेवते : 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याकडे दोन छत्र्या आहेत'. हल्ली 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' असेही ऐकू येते. मराठी कानाला वाटते, भाऊ मुक्कामाला आले असावेत. हीच रचना टिपणात शिरली की 'अणूकडे इलेक्ट्रॉन असतात' असे वाक्य तयार होते. 'अणूत इलेक्ट्रॉन असतात' यात 'त' हा प्रत्यय इलेक्ट्रॉन कुठे आहेत तेही सांगतो. म्हणजे येथे नुसता डौल बिघडला नाही, माहितीही कमी झाली.

दुसरा नमुना कर्मणी प्रयोगाचा. 'हा नियम ओमद्वारे १८२७ मध्ये मांडला गेला.' इंग्रजीत शब्दांचा क्रम बराच पक्का असतो. कर्म पुढे आणायचे तर बहुधा क्रियापदाचे रूप बदलावे लागते. मराठीत ती अडचण नाही. 'हा नियम ओमने १८२७ मध्ये मांडला' असे म्हटले की नियम पुढे येतो आणि कर्ताही जागेवर राहतो. कर्ता महत्त्वाचा नसेल तर 'पाणी तापवले जाते' ऐवजी 'पाणी तापवतात' पुरते. जयपूरसारख्या हिंदी भागात राहणाऱ्या मराठी लेखकाने येथे अधिक जपावे. हिंदी टिपणांतला 'के द्वारा' सतत डोळ्यांखालून जातो आणि 'द्वारे' होऊन सहज लेखणीत उतरतो.

तिसरा नमुना व्याख्येचा. 'डायनॅमो हे एक असे यंत्र आहे जे यांत्रिक ऊर्जेचे रूपांतर विद्युत ऊर्जेत करते.' मराठीत व्याख्येसाठी 'म्हणजे' हा शब्द तयार आहे : 'यांत्रिक ऊर्जेचे विद्युत ऊर्जेत रूपांतर करणारे यंत्र म्हणजे डायनॅमो.' पहिल्या वाक्यातला 'एक' तर निव्वळ इंग्रजी उपपदाची सावली आहे. व्याख्येत तो फारसा त्रास देत नाही, प्रयोगाच्या कृतीत देतो. 'परिपथात एक रोधक जोडा' म्हणजे एकच रोधक जोडायचा, की कोणताही चालेल? मराठीत 'एक' ही आधी संख्या आहे, हे विसरून चालत नाही.

चौथा नमुना सर्वांत गंभीर. 'झडप उघडा, जेव्हा दाब शून्यावर येईल.' मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. जुन्या मोडी पत्रांत विरामचिन्हे नव्हती, तरी वाक्य कुठे संपले ते क्रियापदावरून कळत असे. स्वल्पविराम, पूर्णविराम आपण एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून घेतले. त्या कामात मेजर कँडी यांचा मोठा वाटा होता. कानाची सवय मात्र जुनीच आहे. प्रयोगशाळेत कोणी सूचना वाचून दाखवत असेल तर 'उघडा' ऐकताच विद्यार्थ्याचा हात झडपेकडे जाईल, अट नंतर कानावर पडेल. 'दाब शून्यावर आल्यावर झडप उघडा' या वाक्यात अट आणि कृती ज्या क्रमाने घडायला हवीत त्याच क्रमाने येतात.

हा शुद्धतेचा आग्रह नाही. आधुनिक मराठी गद्य इंग्रजीच्या सहवासातच वाढले. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. तिची लांब, तोलदार वाक्ये इंग्रजी निबंधांच्या वाचनातून आली, आणि ती मराठी झाली. व्याख्येत चार-पाच अटी असतील तर त्या साऱ्या 'करणारे', 'असणारे' म्हणून नामाआधी रचण्यापेक्षा 'जे… ते' अशी फोड किंवा दोन वाक्ये बरी. प्रश्न रचना कुठून आली हा नाही. वाक्य समजण्यासाठी मूळ इंग्रजी आठवावे लागते का, हा आहे.

२०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली. आता मराठी टिपणे लागतात, आणि यंत्राने केलेला अनुवाद हाताशी असतो. तो तपासताना शिक्षक बहुधा संज्ञा तपासतात. वाक्य तसेच राहते. ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी ते दोनदा वाचतो, तिसऱ्यांदा इंग्रजी पुस्तक उघडतो आणि म्हणतो, 'मराठीतून शास्त्र अवघडच जाते.' दोष वाक्याचा असतो, शिक्षा भाषेला होते.

एका भाषेतले शास्त्र दुसरीत आणणे जयपूरला नवे नाही. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली आणि ग्रंथाला 'रेखागणित' हे नाव दिले. तो ग्रंथ संस्कृत जाणणाऱ्यांसाठी होता. अरबी येणाऱ्याला त्याची गरजच नव्हती. मराठी टिपणाचेही तसेच आहे. म्हणून टिपण पुरे झाले की इंग्रजी मूळ बाजूला ठेवावे, ते मोठ्याने वाचावे, आणि ज्या वाक्याशी जीभ अडखळेल ते क्रियापदापासून पुन्हा बांधावे.