जनगणनेंतील उद्योगवार कोष्टकें : एक परीक्षण

ऐतिहासिक साधनांची चिकित्सा करितांना संशोधक पत्राचा कागद पाहतो, अक्षराचें वळण पाहतो, नकलकाराचे प्रमाद वेगळे काढितो, व मगच त्यांतील मजकुरास प्रमाण मानितो. सरकारी छापखान्यांतून निघालेलें अंकांचें कोष्टक समोर आलें म्हणजे मात्र ही सावधगिरी बहुधा सुटते. अंकास पाठभेद नसतो, अशी आपली समजूत असते. ती किती भ्रामक आहे हें दाखविण्यास जनगणनेच्या उद्योगवार कोष्टकांइतकें योग्य उदाहरण दुसरें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या कोष्टकांचें परीक्षण मुंबई उपनगरापुरतें, म्हणजे जुन्या साष्टीच्या ज्या भागांत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं नगरें वसलीं आहेत त्या भागापुरतें, करावयाचें आहे. आमचें प्रतिपाद्य एवढेंच कीं, हीं कोष्टकें मूळ साधन नव्हेत. तीं मूळ साधनावरील भाष्य आहेत. आणि हा भाष्यकार वेळोवेळीं बदलत आला आहे.

प्रथम कोष्टक कसें सिद्ध होतें तें पाहूं. घरचा मनुष्य आपला धंदा तोंडानें सांगतो. प्रगणक तो आपल्या समजुतीप्रमाणें नोंदवितो. पुढें कचेरींत त्या शब्दांस संकेतपुस्तकांतील एखादा अंक दिला जातो, आणि शेवटीं त्या अंकांची बेरीज होऊन कोष्टक छापलें जातें. हस्तलिखिताच्या बाबतींत मध्यें इतके हात असते, तर आपण मूळ प्रतीचा शोध केला असता. येथें तो मार्ग बंद आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमान्वयें प्रगणकाच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणासहि नाहीं, व सामान्यतः त्या पुरावा म्हणूनहि ग्राह्य नाहींत. कुटुंबांची गुप्तता राखण्यासाठीं हें कलम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा कीं, काव्य दृष्टीआड राहून केवळ टीका हातीं यावी तशी आपली स्थिति होते. अशा वेळीं टीकाकाराची परिभाषा जाणल्यावांचून टीका वाचणें व्यर्थ होय.

या परिभाषेंतील पहिला भेद 'धंदा' आणि 'उद्योग' यांचा. मनुष्य स्वतः काय करितो हा धंद्याचा प्रश्न. तो ज्या ठिकाणीं राबतो तेथें काय निपजतें हा उद्योगाचा प्रश्न. मालाड येथें १९३४ सालीं बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था स्थापन झाली. अशा संस्थेंत देखाव्यासाठीं लांकडी वाडा उभारणारा सुतार धंद्यानें सुतार, परंतु उद्योगानें चित्रपटांतला. तोच पुढील वर्षीं इमारतीच्या दारें-खिडक्यांच्या कामास लागला कीं त्याचा धंदा तोच राहतो व उद्योग मात्र बदलतो. जुन्या खानेसुमाऱ्यांत हा भेद सर्वत्र सारखा पाळलेला नाहीं. म्हणून एका सालच्या कोष्टकांतील 'सुतार' आणि दुसऱ्या सालच्या कोष्टकांतील 'लांकडाच्या उद्योगांतील माणसें' यांची वजाबाकी करून सुतारकामाचा ऱ्हास वा उत्कर्ष ठरविणें हें शास्त्र नव्हे.

दुसरी गोष्ट वर्गांच्या रचनेची. १८७२ च्या खानेसुमारींत आपल्या इलाख्यांतील लोकसंख्या धंद्यांप्रमाणें सात वर्गांत विभागली होती. सहाव्या वर्गांत कारागीर, कारखान्यांतील कामगार आणि तयार माल विकणारे हे सर्व एकत्र होते. सातवा वर्ग 'अन्यत्र न गणलेल्या' लोकांचा, आणि त्यांत बायका व मुलें घातलीं होतीं! साष्टीच्या खाजणांत भाताची लावणी करणारी कुणबीण आणि पहांटे पाटी घेऊन बाजार गांठणारी कोळीण यांस कोष्टकांत मिळालेली जागा बहुशः हीच. १९०१ सालीं ८ वर्ग, २४ गण, ७९ उपगण व ५२० गट अशी रचना होती. १९११ सालीं पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांची पद्धति स्वीकारली जाऊन ४ वर्ग, १२ उपवर्ग, ५५ गण व १६९ गट राहिले. गटांची संख्या एका दशकांत तिसऱ्या हिश्श्यावर आली. लोकांचे धंदे तितके खचित घटले नव्हते. त्याच वेळीं, जो मनुष्य माल तयार करून स्वतःच विकतो त्यास विक्रेता न मानतां उत्पादक मानावें असा नियम झाला. नियम समंजस आहे. परंतु त्यामुळें १९०१ ते १९११ या काळांत एखाद्या पेठेंतील व्यापारी वाढले कीं घटले, हा प्रश्न केवळ कोष्टकावरून सोडवितां येत नाहीं.

आतां साष्टीचें खास उदाहरण घेऊं. कांजूर, भांडुप, मुलुंड या बाजूस खाडीलगत मिठागरें पसरलेलीं होतीं. भरतीचें पाणी आंत घ्यावें, उथळ वाफ्यांत उन्हानें आटवावें, मीठ ओढून त्याचे ढीग घालावे, हें तेथील काम पिढ्यान् पिढ्या फारसें बदललें नाहीं. बदललें तें कोष्टकांतील स्थान. १९११ च्या रचनेंत समुद्राच्या मिठाचें काम खनिज द्रव्यांच्या उपवर्गांत, खाणी व दगडाच्या खाणी यांच्या शेजारीं होतें. १९७० सालीं सिद्ध झालेल्या राष्ट्रीय उद्योग-वर्गीकरणांत साधें मीठ खाद्यपदार्थांच्या कारखानदारींत गेलें. तेथें त्याचा संकेत २०८. अलीकडे २०७ वर गूळ-खांडसरी, पलीकडे २०९ वर चॉकलेट व मिठाई. १९९८ च्या वर्गीकरणांत तें पुनः खाणकामांत आलें. २००८ च्या वर्गीकरणांतहि तें तेथेंच, ०८९३ या संकेताखालीं आहे, व समुद्राचें पाणी आटवून मीठ काढणें त्यांत स्पष्टपणें समाविष्ट आहे. म्हणजे मिठागराचा बांध न सोडतां एकाच घराण्यांतील आजा खाणकामगार, बाप खाद्योद्योगांतला, व नातू पुनः खाणकामगार ठरूं शकतो. हें न जाणतां कोणी १९११ पासूनचे आंकडे एका रेषेंत मांडील, तर साष्टींत खाणी बुडून खाद्याचे कारखाने निघाले व पुनः खाणी लागल्या, असा अद्भुत इतिहास त्यास लिहावा लागेल.

यांपैकीं एक स्थान बरोबर व दुसरें चूक, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. पदार्थ कोठून निघतो हें पाहिलें तर मीठ खाणीचें. तो कशास उपयोगीं पडतो हें पाहिलें तर स्वयंपाकघराचें. पहिल्या पक्षास मोठा प्राचीन आधार आहे. कौटिल्यानें लवणाध्यक्षाचीं कर्तव्यें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायांत, म्हणजे खाणींच्या प्रकरणांतच, सांगितलीं आहेत. शब्दाची साक्षहि विचारांत घेण्याजोगी आहे. संस्कृत 'आकर' म्हणजे खाण. प्राकृतांत त्याचेंच 'आगर' होतें. मराठी 'आगर' शब्दाची व्युत्पत्ति कोणी आकरावरून लावितात, तर कोणी आगारावरून. परंतु व्यवहारांतली मराठी येथें तिसराच पक्ष घेते, कारण आपण मीठ खणीत नाहीं व शिजवीत नाहीं. आपण मीठ 'पिकवितों'! शिवाय कोंकणांत नारळी-पोफळीच्या बागेसहि आगरच म्हणतात. तेव्हां कोणी 'आगरांत कामास जातों' असें सांगितलें, तर तो खाणकामगार, खाद्योद्योगांतला कीं बागाइतींतला, हा निर्णय सर्वस्वीं नोंद करणाऱ्याच्या स्थानिक ज्ञानावर अवलंबून राहतो. परप्रांतीय कारकुनानें शब्दकोश उघडून हा निर्णय केला तर तो चुकेल, आणि ती चूक छापील बेरजेंत शोधून काढण्याचें कोणतेंहि साधन आपणांपाशीं नाहीं.

वेसावें, मढ येथील कोळ्यांची गोष्ट याहून बिकट आहे. घरचे पुरुष मासळी आणतात, बायका ती सुकवितात व विकतात; कुटुंबाच्या दृष्टीनें हा एकच व्यवसाय. १९११ च्या रचनेंत मासेमारी, मासळी सुकविणें-खारविणें आणि मासळी विकणें या तिन्हींची ठिकाणें निरनिराळ्या गणांत होतीं. २००८ च्या वर्गीकरणांतहि तीं निरनिराळ्या विभागांत आहेत. १९६१ सालीं नऊ औद्योगिक वर्ग योजिले गेले. त्यांतील तिसऱ्यांत खाणी, दगडफोड, गुरें पाळणें, जंगल, मासेमारी, शिकार व फळबागा यांची एकच मोट बांधली होती. म्हणजे वेसाव्याचा मच्छीमार, खडी फोडणारा कामगार आणि गोरेगांवच्या तबेल्यांतला गवळी हे एका रकान्यांत येऊन बसले. १९७१ सालीं खाणी व दगडफोड यांचा वर्ग वेगळा झाला. तेव्हां तिसऱ्या वर्गाचें नांव जवळजवळ तेंच राहिलें, अर्थ मात्र पालटला. हस्तलिखितांत ज्यास आपण प्रक्षेप अथवा गळती म्हणतों, त्याहून हें भिन्न नाहीं.

'घरगुती उद्योग' या वर्गाची व्याख्याहि ध्यानांत धरण्यासारखी आहे. खेड्यांत हा उद्योग घरीं किंवा गांवाच्या हद्दींत कोठेंहि चालला तरी चालतो. शहरांत तो राहत्या घराच्या आवारांतच झाला पाहिजे. माल करून विकणें यांत येतें, नुसतें विकणें येत नाहीं. मुंबईची हद्द १९५० सालीं उपनगरांत शिरली व १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. अर्थात् १९६१ सालीं हा वर्ग प्रथम आला तेव्हां येथील गांवठाणें कागदोपत्रीं शहरच होतीं. मासळी सुकविणें हाच ज्या घरचा मुख्य उद्योग, त्या घरची बाई खेड्यांतल्या किनाऱ्यावर वाळवण घालील तर ती घरगुती उद्योगांतली. वेसाव्याच्या किनाऱ्यावर तेंच करील तर त्या व्याख्येंत बसत नाहीं. दोघींच्या कामांत तिळमात्र फरक नाहीं. फरक महानगरपालिकेच्या हद्दीचा आहे.

सर्वांत मोठी हानि २००१ पासून झाली. १९९१ च्या गांव-प्रभागांच्या संक्षिप्त कोष्टकांतहि नऊ वर्ग दिलेले होते. २००१ पासून तेथें चारच राहिले : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगांतील कामगार व इतर कामगार. जिल्ह्याच्या विस्तृत कोष्टकांत उद्योगांचे विभाग पुढेंहि आहेत. परंतु इतिहासाचा अभ्यासक बहुधा गांवाचा शोध करीत असतो, जिल्ह्याचा नव्हे. त्याच्या हातीं आतां 'इतर' एवढाच शब्द येतो. मच्छीमार, मिठागरी, गवळी, गिरणीवाला, चित्रपटगृहांतला नोकर आणि वकील हे सर्व त्या एका शब्दांत आहेत. १८७२ च्या सातव्या वर्गाकडेच आपण फिरून आलों कीं काय, अशी शंका वाचकास येईल, व ती अगदींच अस्थानीं नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, उद्योग बदलतात तसें वर्गीकरणहि बदललेंच पाहिजे. १९७३ सालीं अंधेरीस सीप्झ हें निर्यातक्षेत्र उघडलें, तेथील विद्युत्-उपकरणांच्या कामास १९११ च्या १६९ गटांत जागा कोठून मिळणार? तसेंच इतर राष्ट्रांशीं तुलना करावयाची तर त्यांची परिभाषा घेणें प्राप्त आहे. हे दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. नव्या-जुन्या संकेतांचीं तुलनापत्रकेंहि प्रसिद्ध होतात, हें श्रेय दिलें पाहिजे. परंतु तीं शीर्षकांचा मेळ घालितात, माणसांचा नव्हे. जुना एक गट दोन ठिकाणीं फुटला, तर मुलुंडचीं किती माणसें इकडे गेलीं व किती तिकडे, हें तुलनापत्रक सांगूं शकत नाहीं. दोष वर्गीकरण बदलण्यांत नाहीं. बदल न सांगतां, किंवा न पाहतां, अंकांची सांखळी जोडण्यांत आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. २०२४ सालीं कांजूर, भांडुप व मुलुंड येथील सुमारें २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठीं घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें केला. अशा प्रसंगीं, या जमिनीवर कोण राबत होते, किती व केव्हांपासून, हे प्रश्न निघतात. उत्तरासाठीं कोणी अलीकडचीं प्रभागवार कोष्टकें उघडील. त्यांस तेथें मिठागरी दिसणार नाहींत. आणि जे दिसत नाहींत ते नव्हतेच, असा निष्कर्ष निघण्यास वेळ लागणार नाहीं. रकाना नसणें आणि माणूस नसणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें ठासून सांगण्याचें काम इतिहाससंशोधकाचें आहे.

पुढील जनगणना १ मार्च २०२७ ही संदर्भतिथि धरून जाहीर झाली आहे, व तींत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजीं प्रसिद्ध झाला. साष्टींत येथें विशेष जपावयास हवें. आगरी, कोळी, भंडारी हीं जातींचीं नांवें आहेत, व त्यांवर धंद्यांची छाया आहे. पण भातशेती करणारा आगरी मिठागरी नव्हे, आणि कचेरींत काम करणारा कोळी मच्छीमार नव्हे. कौटिल्याच्या गोपानें चातुर्वर्ण्याची गणति वेगळी, आणि शेतकरी, गोरक्षक, वैदेहक, कारू, कर्मकर व दास यांची वेगळी ठेवावयाची होती. दोन रकाने एकमेकांत मिसळूं नयेत, हा विवेक इतका जुना आहे.

संशोधकांनीं यापुढें तीन नियम पाळावे. उद्योगाचा कोणताहि आंकडा देतांना तो कोणत्या सालच्या कोणत्या वर्गीकरणांतला हें सांगावें. दोन वर्गीकरणांतील आंकड्यांवरून वाढ-घट ठरवूं नये. आणि गांवापुरता निर्णय करावयाचा असेल तर पट्ट्यांचे कागद, मीठखात्याचीं पत्रें, घरोघरच्या पावत्या व चोपड्या यांची साक्ष कोष्टकाच्या बरोबरीनें घ्यावी. संग्राहकांस आमची विनंति वेगळी आहे. जनगणनेचे छापील ग्रंथ ग्रंथालयांत मिळतात. प्रगणकांस दिलेल्या सूचनांच्या पुस्तिका, धंद्यांच्या देशी शब्दांच्या याद्या व संकेतपुस्तकें मात्र काम संपतांच रद्दींत जातात. कोष्टकांची किल्ली त्यांतच आहे. बखरीच्या सुट्या पानासाठीं जो संग्राहक चार गांवें पायपीट करितो, त्यानें यांपैकीं एखादी पुस्तिका रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यांतून सोडवून आणिली, तर पुढील अभ्यासकांवर त्याचे उपकार होतील.