विसावा कुणाचा? ईयोबाच्या विलापातील एक शब्द

बायबलमधील विश्रांतीच्या ओढीचा विचार करताना आपण सहसा स्तोत्रांकडे किंवा येशूने भागलेल्यांना घातलेल्या सादेकडे वळतो. ईयोबाच्या पुस्तकातील तिसरा अध्याय मात्र मरण मागणाऱ्याचा आक्रोश म्हणून वाचला जातो. त्यात आणखीही काही आहे.

मुले, संपत्ती, आरोग्य गमावलेला ईयोब सात दिवसांच्या मौनानंतर तोंड उघडतो, तो आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. शाप देता देता तो कबरीचे वर्णन करू लागतो. तिथे राजे आणि कैदी सारखेच निजले आहेत. थकलेल्यांना विसावा आहे. मुकादमाचा आवाज येत नाही. दास धन्यापासून मोकळा आहे.

यातले हिब्रू शब्द पाहण्याजोगे आहेत. विसाव्यासाठीचा ‘नूआह’ हा धातू अनुवादाच्या पाचव्या अध्यायात, शब्बाथाच्या आज्ञेत येतो. निर्गमात या आज्ञेला सृष्टिनिर्मितीचे कारण दिले आहे. अनुवादात मिसरातील दास्याची आठवण दिली आहे आणि दासदासींनाही धन्यासारखाच विसावा मिळावा असे म्हटले आहे. मुकादमासाठीचा ‘नोगेस’ हा शब्द निर्गमात मिसरी मुकादमांसाठी येतो, तर ‘होफशी’ हा सुटका झालेल्या दासासाठी कायद्यातला शब्द आहे. म्हणजे ईयोबाची कबर शब्बाथाच्याच भाषेत रंगवलेली आहे. कायद्याने जिवंतपणी आठवड्यातून एक दिवस देऊ केलेले मेल्यावाचून पुरते मिळत नाही, अशी ही तक्रार आहे.

ती करणारा मात्र स्वतः पुष्कळ चाकरांचा धनी होता. आपण दासाचे गाऱ्हाणे कधी डावलले नाही, दोघांनाही गर्भात घडवणारा एकच, असे तो एकतिसाव्या अध्यायात सांगतो. तरी दासाचा थकवा त्याच्या तोंडी येतो, तो स्वतःचा विसावा हरपल्यावर.

अखेरीस त्याला दुप्पट पशुधन मिळते: १४,००० मेंढरे, ६,००० उंट. आरंभीच्या संपत्तीच्या यादीत चाकर होते. या यादीत नाहीत. पहिल्या अध्यायात मारले गेलेले चाकर तर बातमीपुरतेच उरतात. ईयोबाच्या सांत्वनाला मित्र आले, नंतर भाऊबहिणी आल्या. त्या चाकरांच्या वाट्याला आल्या त्या कबरीविषयीच्या दोन-तीन ओळी, आणि त्याही धन्याने स्वतःसाठी बोललेल्या.