‘झाले’ या शब्दाची परीक्षा

समीक्षकाने कादंबऱ्या आणि कवितासंग्रह वाचावेत, अशी रीत आहे. पण ज्या मजकुरावाचून आज हजारो मराठी तरुणांचे कामच सुरू होत नाही, त्याची परीक्षा कोणी करू नये, असे थोडेच आहे? पुण्याच्या हिंजवडीत किंवा परदेशात संगणकाच्या कामात गुंतलेले कोणी ना कोणी आता पुष्कळ घरांत असते. त्यांच्या तोंडी ‘तिकीट’ हा शब्द सारखा येतो. हे तिकीट नाटकाचे नव्हे, की आगगाडीचेही नव्हे. आज्ञावलीत दोष सापडला किंवा काही नवे हवे असले, की त्याची जी नोंद होते, ती म्हणजे तिकीट. त्या नोंदीच्या कपाळी एक शब्द असतो: ‘नवे’, ‘चालू’, ‘झाले’. याला म्हणतात स्टेटस; आणि कोणत्या शब्दावरून कोणत्या शब्दावर जाता येईल, हे ठरवणारी वाट म्हणजे वर्कफ्लो. शब्द थोडे असले, की एकेकावर भार फार पडतो. म्हणून या शब्दांकडे मला साहित्याच्याच नजरेने पाहावेसे वाटते.

या प्रकारातली जुनी आणि मानाची कृती म्हणजे ‘बगझिला’. अमेरिकेतील नेटस्केप कंपनीच्या मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी 1998 मध्ये ती रचली. तिचा मोठा गुण असा, की तिने दोन प्रश्न वेगळे ठेवले. तक्रार आहे कुठे, हा एक. आणि तिचा निकाल काय लागला, हा दुसरा. तक्रार ‘रिझॉल्व्हड’ म्हणजे निकाली निघाली, एवढ्याने भागत नाही. पुढे कारण लिहावे लागते. ‘फिक्स्ड’ म्हणजे दुरुस्त केले. ‘इनव्हॅलिड’ म्हणजे हा दोषच नव्हे. ‘डुप्लिकेट’ म्हणजे हे आधीच कोणी सांगितले आहे. ‘वोन्टफिक्स’ म्हणजे दुरुस्त करणार नाही. आणि ‘वर्क्सफॉरमी’ म्हणजे माझ्याकडे तर नीट चालते!

या शेवटच्या शब्दात केवढा मनुष्यस्वभाव आहे! पाहुण्याने आमटी खारट म्हणावी आणि यजमानाने ‘आम्हांला तर नाही लागत’ म्हणून वाटी पुढे सरकवावी, तसे हे. ‘वोन्टफिक्स’ कठोर खरा, पण प्रामाणिक आहे. नकार स्पष्ट असला म्हणजे माणूस भांडू तरी शकतो. जुन्या बगझिलात ‘लेटर’ आणि ‘रिमाइंड’ असेही दोन निकाल होते. ‘पुढे पाहू’ आणि ‘आठवण करा’. पुढे ते नेहमीच्या यादीतून गेले, हे योग्यच झाले. ‘पुढे पाहू’ हा निकाल नव्हे; निकाल टाळणे आहे. याउलट ‘व्हेरिफाइड’ हा मला सर्वांत सभ्य शब्द वाटतो. दुरुस्ती झाली की नाही, हे तपासणाऱ्याने पाहून मान्य केले, असे तो सांगतो. आपल्या कामाला आपणच शाबासकी द्यायची नाही, ही शिस्त त्यात आहे.

पुढे 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या अटलासियन कंपनीने ‘जिरा’ बाजारात आणले. आपल्या फोडणीशी त्याचा संबंध नाही. बगझिलाच्या नावात गॉडझिला या पडद्यावरच्या राक्षसाची आठवण होती. त्याचे जपानी नाव ‘गोजिरा’, त्यातले हे ‘जिरा’. इथे शब्द आणि वाटा आपल्या आपण ठरवायची मोकळीक मिळाली, आणि मोकळीक मिळाली की माणूस पसरतो. ‘तपासणीच्या प्रतीक्षेत’, ‘तपासणीस तयार’, ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ अशा खोल्यांवर खोल्या चढतात. प्रत्येक खोलीत तिकीट बसलेले असते, आणि खोलीचा धनी कोण, ते कोणालाच ठाऊक नसते.

त्याहून सूक्ष्म दोष निराळा आहे. जिरातही निकालाचा रकाना स्वतंत्र आहे. वाट आखणाऱ्याने तो भरण्याची सोय केली नाही, तर तिकीट हिरव्या ‘झाले’ या रंगात उभे असते आणि आतल्या नोंदीत ‘अनिर्णित’च राहते. कपाळी कुंकू आणि दप्तरात लग्नाची नोंद नाही, असला हा प्रकार!

आपल्याला हे नवे वाटायला नको. मराठी कचेरीने ‘निकाल देणे’ आणि ‘निकाली काढणे’ यांतला फरक केव्हाच ओळखला आहे. पहिल्यात न्याय असतो. दुसऱ्यात टेबल मोकळे होते. ‘दप्तरी दाखल’ या शब्दांवर तर कित्येक अर्ज कायमचे झोपले आहेत.

मग शब्द कमीच करावेत काय? तेही पुरेसे नाही. गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळावर फार दिवस ‘उघडे’ आणि ‘बंद’ अशा दोनच अवस्था होत्या. केलेले काम आणि नाकारलेले काम, दोन्ही ‘बंद’च. अखेर 2022 मध्ये तिथेही ‘पूर्ण झाले’ म्हणून बंद की ‘करण्याचे योजलेले नाही’ म्हणून बंद, हे सांगण्याची सोय करावी लागली.

माझी कसोटी साधी आहे. प्रत्येक स्टेटसला दोन प्रश्न विचारावेत: तिकीट आता कोणाच्या हाती आहे, आणि काय घडले म्हणजे ते पुढे सरकेल? दोन शब्दांची उत्तरे सारखी आली, तर एक शब्द काढून टाकावा. उत्तरच आले नाही, तर तो शब्द कोणाची तरी ढाल आहे, असे समजावे.

हा शब्दच्छल नव्हे. समजा, संगणकाकडून मजकूर वाचून घेणाऱ्या एखाद्या अंध विद्यार्थिनीने कळवले, की परीक्षेच्या अर्जातले शेवटचे बटण तिला ऐकूच येत नाही. तिला आपली आज्ञावली दिसत नाही, सभा दिसत नाहीत, रंगीत फलकही दिसत नाही. तिच्यापर्यंत पोचतो तो एकच शब्द. तो ‘झाले’ असेल, तर तिला अर्ज भरता आला पाहिजे. तो ‘करणार नाही’ असेल, तर मुदत संपण्यापूर्वी तिला दुसरी वाट शोधता आली पाहिजे. या दोहोंतले काहीच जो शब्द सांगत नाही, तो कितीही सुबक रकान्यात बसवला, तरी मी त्याला वाईट लेखनच म्हणेन.