पाकिटावरचं झाड

यवतमाळात कपाशीच्या बियाण्याचं पाकीट घ्या. फोटो बोंडांनी लगडलेल्या झाडाचाच असतो, बाजूच्या मरतुकड्याचा कोणी छापत नाही. शेअरबाजार शिकवताना दाखवला जाणारा चार्टही असाच निवडलेला.

मग सगळीच झाडं मोजली तर? ब्रॉक, लाकोनिशॉक आणि लेबॅरन यांनी १९९२च्या पेपरात ते केलं. डाऊ जोन्सचे १८९७ ते १९८६चे रोजचे आकडे, २६ साधे नियम: मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, सपोर्ट-रेझिस्टन्स तुटणं. खरेदीच्या सिग्नलनंतरचा परतावा विक्रीच्या सिग्नलनंतरच्यापेक्षा खरंच जास्त निघाला. हा पेपर हसण्यावारी नेणं मला पटत नाही.

पण हे नियम आले कुठून? लोकांच्या वापरात टिकलेले, म्हणजे आधीच चाळून उरलेले. सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी १९९९मध्ये जवळपास ८,००० नियम एकदम तपासले. गंमत म्हणजे, चाळणीचा हिशेब धरूनही जुना निष्कर्ष टिकला. मात्र त्यातला सर्वोत्तम नियम पुढच्या दहा वर्षांना, १९८७ ते १९९६ला, लावला तर फायदा गायब!

मोबाइलवर आरएसआयचे १४ दिवस (हा आकडा वाइल्डर यांचा, १९७८चा) बदलून ९ करायचे, नाही जमलं तर २१, मागचा चार्ट जुळेपर्यंत. ही तीच चाळणी झाली ना! फक्त इथे मोजणारं कोणी नसतं.

सेबीच्या २०२४च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात होते. त्यातले चार्ट पाहणारे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यामुळे तो आकडा मी चार्टविरुद्धचा पुरावा म्हणून वापरणार नाही.