सुवर्णमध्य आणि ॲरिस्टॉटल

सुशिक्षितांच्या बैठकींत ॲरिस्टॉटलचें नांव निघालें कीं त्याच्या मागोमाग 'सुवर्णमध्य' हा शब्द येतो, आणि तो शब्द आला कीं 'अति तेथें माती' ही आपली म्हण ऐकणाराच्या मनांत जागी होते. फार रागावूं नये, फार धाडस करूं नये, कोणत्याहि वादांत दोन्ही पक्षांच्या मधोमध उभें राहावें, हेंच ग्रीक नीतिशास्त्राचें सार, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः 'सुवर्ण' हें विशेषण ॲरिस्टॉटलचें नव्हेच. तें त्याच्यानंतर सुमारें तीन शतकांनीं होऊन गेलेल्या होरेस या रोमन कवीचें. या विशेषणाबरोबर एक सुखवस्तु सौम्यपणाहि त्या सिद्धांताला येऊन चिकटला. तो मूळचा नव्हे, असें आमचें म्हणणें आहे.

न्यूनता आणि अतिरेक ही जोडी ॲरिस्टॉटलला वारशानें मिळाली होती. अन्न अधिक झालें तरी प्रकृति बिघडते आणि उणें पडलें तरी बिघडते, हें ग्रीक वैद्य जाणून होते. आणि ॲरिस्टॉटल हा वैद्याचाच मुलगा. त्याचा गुरु प्लेटो यानें 'पोलिटिकस' या संवादांत मापनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकारांत एक वस्तु दुसरीशीं ताडून लहान कीं मोठी तें ठरवावयाचें. दुसऱ्यांत ती योग्य प्रमाणाशीं ताडावयाची. हा दुसरा प्रकार नाकारला तर विणकरापासून राज्यकर्त्यापर्यंत कोणाचीहि कला टिकणार नाहीं, असें तेथें प्रतिपादन आहे. न्यून आणि अधिक हीं केवळ एकमेकांवरून न मोजतां, दोन्ही योग्यावरून मोजावयाचीं, हें ॲरिस्टॉटलच्या विचाराचें बीज येथें सांपडतें.

ॲरिस्टॉटलनें (इ. स. पूर्वीं ३८४ ते ३२२) आपल्या 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या दुसऱ्या भागांत एक मार्मिक दाखला दिला आहे. दहा मापें अन्न फार होतें आणि दोन मापें थोडें पडतें, म्हणून तालमीच्या उस्तादानें सरसकट सहा मापें वाढावींत काय? क्रोटोनच्या मायलोसारख्या नामांकित मल्लाला तीं अपुरीं पडतील, आणि तालमींत नुकत्याच आलेल्या पोराला जड होतील. सहा हा दहा व दोन यांचा गणिती मध्य खरा. परंतु माणसाच्या दृष्टीनें मध्य तो निराळा. नीतींतला मध्य या दुसऱ्या जातीचा आहे.

रागाचेंच उदाहरण घ्या. योग्य माणसावर, योग्य कारणासाठीं, योग्य वेळीं आणि योग्य रीतीनें रागावणें हा सद्गुण. यांपैकीं एक अंग चुकलें तरी दोष. घोर अन्याय डोळ्यांदेखत होत असतां जो बेतानेंच रागावतो, तो या हिशेबानें मध्यावर नसून न्यूनतेच्या बाजूला आहे. नेम चुकण्याच्या वाटा अनेक, साधण्याची एकच. म्हणूनच सद्गुण हा स्वरूपानें मध्य असला तरी श्रेष्ठतेच्या दृष्टीनें तें टोकच होय, असें ॲरिस्टॉटलनें स्पष्ट बजावलें आहे. 'मध्य' आणि 'मध्यम' यांतलें अंतर येथें उघड होतें.

कान्टनें १७९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथांत या मतावर आक्षेप घेतला. सद्गुण आणि दुर्गुण यांतील भेद परिमाणाचा नसून तत्त्वाचा आहे. काटकसर ताणीत नेल्यानें कृपणता होत नाहीं, कृपणाचें धोरणच मुळांत वेगळें, असें तो म्हणतो. आक्षेप तोलाचा आहे. परंतु त्याचा आघात गणिती मध्यावर होतो. हेतु, प्रसंग आणि पात्र यांचा विचार ॲरिस्टॉटलनें आधींच केलेला आहे. त्याची खरी उणीव दुसरीकडे आहे. योग्य काय तें विवेकी पुरुष ठरवील, असें तो सांगतो. आणि विवेकी कोण, तर ज्याला योग्य तें कळतें तो. हा फेरा त्याला पुरता तोडतां आलेला नाहीं.

या उणिवेची किंमत त्याच्याच एका विधानावरून समजते. चोरी, व्यभिचार, खून यांना मध्यच नाहीं. तीं कृत्यें बेतानें केलीं म्हणून शुद्ध होत नाहींत, असें तो म्हणतो. अर्ध्या अन्यायाला समतोलपणा म्हणणारांनीं हें विधान अवश्य ध्यानांत ठेवावें. परंतु याच तत्त्वज्ञानें 'राजनीति' ग्रंथांत कांहीं माणसें स्वभावतःच दास असतात, असें समर्थन केलें. दास्य हें निसर्गविरुद्ध आणि अन्याय्य आहे असें मानणारे लोक त्याच्या काळींहि होते, हें त्यानेंच नमूद केलें आहे. तरी दास्याला तो मध्य नसलेल्या कृत्यांच्या यादींत घालीत नाहीं. त्याचा विवेकी पुरुष अखेर ग्रीक नगरांतला स्वतंत्र नागरिक होता, आणि त्या नागरिकाच्या अंगवळणीं पडलेलें तेंच प्रमाणांत दिसलें.

असें असूनहि त्याच्या विवेचनांतून एक व्यवहार्य सल्ला घेण्यासारखा आहे. आपला स्वाभाविक ओढा कोणत्या टोकाकडे आहे तें प्रत्येकानें ओळखावें आणि स्वतःला उलट दिशेला खेंचावें. वांकडें लांकूड सरळ करणारे तेंच करतात. सुवर्णमध्याची स्तुति करणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीयांचा ओढा बहुधा स्वस्थतेकडे असतो. आम्हांस खरा मध्य गांठावयाचा असेल, तर आम्ही संयमाचीं व्याख्यानें थोडीं कमी करून धैर्याच्या बाजूस वांकलें पाहिजे.