गावगाड्याबाहेरचा दिवस

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915 साली प्रसिद्ध झाला. वतने, कारू-नारू, फिरस्ते, सण-उत्सव. खेड्यातील रोजच्या व्यवहाराचा एवढा बारकावा मराठीत क्वचितच आला आहे. ग्रंथाचे मोठेपण मला मान्य आहे. पण त्यात महार भेटतो तो गावकीच्या कामात आणि बलुत्याच्या हिशेबात. काम संपले की तो पानावरून निघून जातो. त्याची चूल कशावर पेटते, त्याच्या बायकोचा दिवस कुठे उजाडतो, हा प्रश्न ग्रंथाला पडत नाही. पुढच्या ग्रामीण लेखनानेही, सन्मान्य अपवाद सोडता, हीच चौकट 'खेडे' म्हणून पत्करली.

खेड्याच्या या गोडव्यावर बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत प्रहार केला. साहित्यात मात्र ते गोड खेडे अजून नांदते आहे. मी पाथरीत मराठी शिकवतो. 'माझे गाव' हा विषय दिला की गोदाकाठच्या खेड्यांतून येणारी आपली मुले नदी, पार, मंदिर, सप्ताह लिहितात. स्वतःची वस्ती लिहीत नाहीत. आईबाप ऊसतोडीला गेलेले, अर्ध्या घरांना कुलपे, म्हातारी आजी आणि शाळेतली भावंडे मागे. हे ज्याचे रोजचे जगणे, तो पोरगा पिंपळाच्या सळसळीवर पान भरतो. परीक्षकाला कोणते गाव हवे, हे त्याने पाठ्यपुस्तकातून ओळखलेले असते. (गुणही त्यालाच मिळतात!)

अशा मुलाच्या हाती मी पी. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' देतो. 1979 चे हे आत्मकथन. बहिणीच्या आसऱ्याने वाढणारे पोरके पोर, आणि आपल्या मराठवाड्याची बोली. दलित आत्मकथनात निसर्ग कुठे आहे, असे विचारणाऱ्या पांढरपेशा समीक्षेने हे पुस्तक पुन्हा वाचावे. भुकेल्या पोराला शिवार दिसते ते तिथे खायला काय सापडेल या नजरेने. तोही निसर्गच आहे. फक्त तो पोट भरलेल्या माणसाने पाहिलेला नाही.

तरीही 'गावगाड्या'ला खरे उत्तर मला बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (1986) सापडते. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून लिहिलेले हे पुस्तक. नावातच 'आमुचं' आहे. एका व्यक्तीची कहाणी सांगण्याआधी ते अख्ख्या महारवाड्याचा दिवस आणि वर्ष मांडते: आषाढातली सारवण, पोतराज, अंगात येणे, सरपणाच्या मोळ्या घेऊन बामणआळीत जाणाऱ्या बाया, उपाशी बाळंतीण, सासुरवास. आत्र्यांच्या नजरेने जे घर ओलांडले, त्या घराच्या आत बसून हे लिहिले आहे. शिवाय बाईंनी आपल्याच पुरुषांना सूट दिलेली नाही.

आपली समीक्षाही इथे कमी पडते. वेदना, विद्रोह, नकार या मापांनी आपण आत्मकथने तोलतो. मोर्चा, बहिष्कार, जाळपोळ यांची पाने परिसंवादात वाचली जातात. सारवणाची, मोळीची, चुलीपुढची पाने 'तपशील' म्हणून मागे राहतात. वास्तविक विद्रोह ज्या जगण्यातून उठला, ते जगणे तिथेच नोंदले आहे. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'लाही आपण असेच घाईने उरकले.

ऊसतोडीच्या कोपीतला दिवस अजून कुणी अशा बारकाव्याने लिहिलेला माझ्या वाचनात नाही. तो लिहू शकणारी मुलगी बहुधा आज एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून पिंपळावर निबंध लिहीत असेल.